पिन-बुश आणि जॅक: लहान पोकलेनच्या दुरुस्तीला किती पैसे लागतात?

तीन ते आठ टनांचं लहान पोकलेन आता तालुक्यातालुक्यात दिसतं. पाइपलाइनची चारी, शेततळं, घराचा पाया, गटार, बांधबंदिस्ती ही कामं मोठ्या मशीनला परवडत नाहीत आणि मजुरांना झेपत नाहीत. तिथे हे मशीन चालतं. बहुतेक वेळा मालक एकटा असतो, मशीन कर्जावर असतं, आणि लिव्हरवर तो स्वतः किंवा घरातलाच कोणी बसतो. हप्ता किती, डिझेल किती, हे त्याला तोंडपाठ असतं. अंदाज चुकतो तो दुरुस्तीचा. काही हजार तास भरले की बकेट खडखडायला लागते, जॅकच्या रॉडवर तेल आणि मातीचा थर दिसायला लागतो, आणि मग मिस्त्री सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो.

हा आकडा कसा तयार होतो हे मालकाला कळायलाच हवं. पिन, बुश आणि सील या वस्तू झिजण्यासाठीच बसवलेल्या असतात आणि त्या स्वस्त असतात. त्या ज्यांच्यात बसतात ते भाग महाग आहेत: आर्मचा बोअर, म्हणजे बुश बसतो ते भोक, जॅकचा रॉड, जॅकची नळी. स्वस्त वस्तू वेळेत बदलली नाही की झीज महाग भागात शिरते. दुरुस्तीचं बिल फुगतं ते नव्वद टक्के वेळा इथेच, असं माझं ठाम मत आहे.

पुढे दिलेल्या रकमा ३ ते ८ टनांच्या मशीनच्या आहेत, ढोबळ आहेत, आणि त्यांत जीएसटी धरलेला नाही. मशीनचा आकार, मालाची प्रत आणि कारखान्यापासूनचं अंतर यांप्रमाणे त्या खाली-वर होतील. पण कोटेशन हातात आल्यावर ते रास्त आहे की नाही, हे ओळखायला त्या पुरतील.

आधी मोजा, मग मिस्त्रीला बोलवा

दुरुस्तीतला सगळ्यात स्वस्त खर्च मोजमापाचा, आणि तोच टाळला जातो. त्यासाठी एक पहार आणि एक डिजिटल व्हर्नियर लागतो. साधा व्हर्नियर हजार-दीड हजारात मिळतो.

सपाट जागी मशीन उभं करा, बकेट जमिनीपासून दोन-तीन इंच वर ठेवा आणि इंजिन बंद करा. आता पहारीनं बकेट वर-खाली आणि आडवी हलवून बघा. कुणी तरी शेजारी बसून पिनेकडे बघत राहायला हवं, कारण हालचाल पिन आणि बुशमध्ये आहे, की बुशच आर्मच्या बोअरमध्ये हलतोय, हे पाहणं महत्त्वाचं आहे. पहिल्या प्रकारात खर्च पिन-बुशपुरता राहतो. दुसऱ्या प्रकारात बोअरचा खर्च त्यावर चढला म्हणून समजा.

मग पिन काढून मोजा. पिनेची दोन्ही टोकं फारशी घासलेली नसतात, म्हणून मूळ माप तिथे सापडतं. टोकाला ४५ मिमी आणि मध्ये ४४.१ मिमी भरली तर पिनेची झीज ०.९ मिमी. बुशचं आतलं माप उभं आणि आडवं असं दोन्हीकडून घ्या. दोन्ही मापांत फरक आला तर बुश अंडाकृती झालाय. नव्या जोडीत पिन आणि बुशमध्ये साधारण ०.१ ते ०.३ मिमी फट असते. ही फट १ मिमीच्या पुढे गेली की बदलायची वेळ आली. नेमकी मर्यादा मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांध्यागणिक दिलेली असते, आणि ती तपासायलाच हवी.

एक मिमी म्हणजे काय एवढं, असं वाटतं. दोन बुशांमध्ये २५० मिमी अंतर असेल आणि बकेटचे दात तिथून मीटरभर लांब असतील, तर सांध्यातली १ मिमी फट दातांपाशी ४ मिमी होते. आर्म आणि बूमच्या सांध्यातली फट तर त्याहून लांब जाऊन पोचते. चारीचा तळ एका पातळीत येत नाही, ऑपरेटर दोनदा हात फिरवतो, आणि डिझेल जळतं. त्यात बेसॉल्टच्या काळ्या पाषाणात ब्रेकर चालवलेला असेल, तर ही फट दर ठोक्याला हातोडीसारखी बोअरवर आदळत राहते.

पिन आणि बुश

बकेटच्या एका सांध्याला सहसा दोन पिना आणि चार बुश धरावे लागतात: एक पिन आर्म आणि बकेटची, दुसरी बकेट आणि लिंकची. गावातल्या चांगल्या टर्नरकडून हा सेट बनवून घेतला तर ५,००० ते ९,००० रुपये लागतात. कंपनीचा अस्सल सेट दुपटीपासून तिपटीपर्यंत जातो. बसवण्याची मजुरी २,००० ते ४,०००.

इथे एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. ४५ मिमी व्यासाची, २५० मिमी लांबीची पिन साधारण ३.१ किलो भरते. ईएन ८ जातीचं साधं पोलाद किलोला ऐंशी रुपयांच्या आसपास धरलं, तर नुसता माल अडीचशे रुपयांचा होतो. ईएन १९ हे मिश्र पोलाद धरलं तर चारशेच्या आत. त्यावर टर्निंग, ग्रीसचं भोक आणि चर, आणि इंडक्शन हार्डनिंग आलं, की पिनेची किंमत १,२०० ते १,८०० रुपये होते आणि ती रास्त आहे. कुणी तीच पिन सहाशे रुपयांत देत असेल, तर त्यात हार्डनिंग झालेलं नाही एवढं निश्चित. दुकानातच जुनी कानस पिनेवर फिरवून बघा. कडक पिनेवर कानस घसरते, नरम पिनेवर ती चावते आणि भुकटी निघते.

बुश कडक पोलादाचा घ्यावा की गनमेटलचा, हा प्रश्न नेहमी येतो. मूळ मशीनवर जो असेल तोच. बकेटपाशी माती, वाळू आणि आदळआपट असते, तिथे हार्ड पोलादी बुश टिकतो. गनमेटल नरम असतं, त्यात वाळूचे कण रुतून बसतात आणि तो पिनेलाच घासायला लागतो.

जुन्या बुशात नवी पिन किंवा नव्या बुशात जुनी पिन कधीही बसवू नका. निम्मे पैसे वाचल्यासारखं वाटतं, पण झिजलेला भाग नव्याला वर्षाच्या आत झिजवतो आणि मजुरी दोनदा जाते.

बुश हातोड्यानं ठोकून बसवू देऊ नका, हे मी आग्रहानं सांगेन. बुशचं बाहेरचं माप बोअरपेक्षा थोडं मोठं असतं, सहसा शतांश मिलीमीटरमध्ये मोजावं इतकं, म्हणजे तो आवळून बसतो. हातोड्यानं एक कड चेपली की बुश तिरका शिरतो, आतल्या भिंतीवर ओरखडे पडतात, आणि बोअर सैल होतो. योग्य पद्धत म्हणजे लांब स्टड, जाड वॉशर आणि नट लावून बुश हळूहळू ओढून घेणं, किंवा तो आधी ड्राय आइसमध्ये गार करणं. गार केलेला बुश किंचित आकसतो आणि सहज सरकतो. घरच्या फ्रीजरमधला गारवा मोठ्या बुशला पुरत नाही, फक्त थोडी मदत होते. बुश बसल्यावर त्याचं आतलं माप थोडं कमी होतं, म्हणून पिन आत सरकते का ते बघूनच मिस्त्रीला सोडा.

बाजूची फट भरायला शिम वॉशर येतात. त्यांची किंमत शंभर-दीडशे रुपये नग, आणि तरी निम्म्या मशीनवर ते नसतात. बाजूची फट राहिली की बकेट आडवी डुलते आणि बुशच्या कडा आधी जातात. डस्ट सील नवं घालायला सांगा. ते फाटलेलं असेल तर माती थेट ग्रीसमध्ये मिसळते.

बोअर अंडाकृती झाला असेल तर

बुश बोअरमध्येच फिरायला लागला, की त्याला आवळून धरणारी भिंत घासली जाते. भोक गोल राहत नाही. आता नवा बुश घातला तरी तो महिना-दोन महिन्यांत पुन्हा फिरतो. इथे खरी दुरुस्ती दोनच प्रकारची आहे.

पहिला प्रकार ओव्हरसाइज बुशचा. भोक एक-दीड मिमी मोठं पण गोल करून घ्यायचं आणि त्याला जुळणारा जाड बुश बनवून घालायचा. यात वेल्डिंग नाही, म्हणून स्वस्त पडतं: एका बोअरला ३,००० ते ५,००० रुपये आणि बुश वेगळा. पण बोअरभोवतीच्या लोखंडाची जाडी पुरेशी राहिली पाहिजे, आणि हे एकदाच करता येतं.

दुसरा प्रकार म्हणजे आतून वेल्डिंगनं भरून पुन्हा मूळ मापाला लाइन बोअरिंग करणं. दोन्ही बाजूंच्या भोकांतून एकच बोअरिंग बार जातो, त्यामुळे दोन्ही भोकं एका रेषेत येतात. एका बोअरला भरणं आणि कापणं धरून ५,००० ते ९,००० रुपये लागतात. पोर्टेबल बोअरिंग मशीन घेऊन माणूस साइटवर आला तर येण्याजाण्यासह किमान १५,००० ते २५,००० रुपयांचं काम तो मागतो. आर्म काढून कारखान्यात नेला तर कापणी स्वस्त होते, पण क्रेन किंवा दुसरं मशीन, टेम्पो आणि दोन दिवस जातात. भोसरी, चाकण, कोल्हापूरचं शिरोली, नाशिकचं अंबड, नागपूरचं हिंगणा अशा एमआयडीसी भागांत आणि गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत बोअरिंगची कामं घेणारे लहान कारखाने शोधा. दोन ठिकाणी मापं पाठवून दर मागा.

बोअर फक्त वेल्डिंगनं भरून हातग्राइंडरनं गोल करून देतो, असं कुणी म्हणालं तर ते काम देऊ नका. ग्राइंडरनं डोळ्याला गोल दिसतं, मापानं गोल होत नाही, आणि दोन भोकं एका रेषेत येण्याचा तर प्रश्नच नाही.

वेल्डिंग करताना दोन गोष्टी मालकानं स्वतः बघायच्या. अर्थची क्लॅम्प जिथे वेल्डिंग चाललंय त्याच तुकड्यावर, अगदी जवळ लावलेली असली पाहिजे. ती ट्रॅकवर लावली तर करंट जॅकमधून, पिनांमधून आणि मशीनचा वरचा भाग ज्यावर फिरतो त्या खालच्या स्ल्यू रिंगच्या गोळ्यांमधून जातो. जॅकच्या रॉडवर त्यानं डाग पडतात आणि गोळ्या खराब होतात. दुसरं म्हणजे बॅटरीच्या वायरी काढलेल्या हव्यात आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असलेल्या मशीनवर त्याचा कनेक्टरही सुटलेला हवा. तसंच साधी रॉड न वापरता लो हायड्रोजन रॉडनं, आधी भाग तापवून, थोडं थोडं भरणं चाललंय ना हे बघा. जाड लोखंडावर गार असताना भर घातली तर तडे जातात, आणि ते लगेच दिसतीलच असं नाही.

जॅक: गळती वेगळी, उतरणं वेगळं

तीन टनांच्या लहान मशीनवर साधारण पाच जॅक असतात: बूम, आर्म, बकेट, बूम डावी-उजवी फिरवणारा आणि पुढच्या ब्लेडचा. ८० मिमी व्यासाच्या पिस्टनवर २१० बार दाब आला तर तो दहा टनांहून जास्त बळ लावतो. एवढ्या दाबात रबर-प्लास्टिकचं सील उभं राहतं, म्हणून त्याच्याशी खेळ नको. कोणताही जॅक किंवा पाइप उघडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, किल्ली ऑन ठेवून लिव्हर सगळ्या बाजूंना हलवा आणि टाकीचं झाकण सावकाश सैल करा. गळती शोधताना हात फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडी फाडून आत शिरतं. जखम लहान दिसते, पण ती शस्त्रक्रियेची निकड असते. लगेच दवाखाना गाठा आणि तेल शिरलंय हे डॉक्टरांना सांगा. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधतात.

रॉडच्या तोंडातून बाहेर तेल येत असेल तर रॉडचं सील गेलं. याचा हिशेब अगदी स्पष्ट आहे. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला साधारण १५० मिली, आठ तासांत सव्वा लिटरच्या आसपास, महिन्याच्या पंचवीस दिवसांत ३० लिटर. लिटरला २२० रुपये धरले तर ६,६०० रुपयांचं हायड्रॉलिक तेल महिन्याला मातीत जातं. सील बदलण्याचा खर्च सहसा त्याहून कमी असतो.

बाजारात स्थानिक सील किट ८०० ते २,००० रुपयांना मिळतं, नामवंत कंपनीचं २,५०० ते ६,००० ला. पिन-बुश गावात बनवले तरी चालतात. सील मात्र चांगल्या कंपनीचंच घ्या. पिनेची प्रत कानशीनं ओळखता येते, सीलची प्रत ते फाटल्यावरच कळते. जॅक उतरवून सील बदलण्याची मजुरी २,००० ते ३,५०० रुपये. किट घेताना जुनी मापं, मशीनचं मॉडेल आणि सीरियल नंबर, हे तिन्ही द्या. मॉडेल एकच असून वर्षाप्रमाणे जॅक बदललेला असतो.

आता जो घोळ मी सगळ्यात जास्त पाहिलाय तो. बूम वर करून इंजिन बंद केलं की ती हळूहळू खाली उतरते. मिस्त्री म्हणतो, जॅकचं सील गेलंय. पण बूमच्या जॅकमध्ये पिस्टनचं सील फाटलं, तरी दोन्ही बाजूंचं तेल कोंडलेलं असेल तर रॉड आत जाऊच शकत नाही. रॉड आत येताना तेलाची जागा अडवतो, आणि ते तेल जाणार कुठे? ते बाहेर जातं कंट्रोल व्हॉल्व्हच्या झिजलेल्या स्पूलमधून, रिलीफ व्हॉल्व्हमधून किंवा बूम धरून ठेवणाऱ्या होल्डिंग व्हॉल्व्हमधून. म्हणून बूम उतरते म्हणून आधी जॅक उघडणं म्हणजे दुसरीकडच्या दुखण्यावर मलम. होल्डिंग आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडून साफ करणं, सील बदलणं किंवा बदलून बघणं हे आधी करा. २,००० ते ६,००० रुपयांत बऱ्याचदा प्रश्न सुटतो. स्पूल आणि ब्लॉक झिजला असेल तर मात्र खर्च मोठा, तिथे कोटेशनशिवाय हात लावू नका.

बकेटच्या जॅकची तपासणी साधी आहे. आर्म जमिनीवर टेकवून बकेट पूर्ण आत वळवा, म्हणजे रॉड पूर्ण बाहेर येतो. दाब काढा. रॉडच्या बाजूचा होज पाइप सोडून त्याचं तोंड प्लगनं बंद करा, आणि जॅकच्या उघड्या तोंडाखाली स्वच्छ भांडं ठेवा. इंजिन सावकाश गतीवर सुरू करून बकेट आत वळवायचा लिव्हर काही सेकंद धरा. सुरुवातीला थोडं तेल येणारच. सलग धार लागली तर पिस्टनचं सील गेलं, नाही लागली तर दोष दुसरीकडे. तेल गरम असताना ही तपासणी करा, आणि बाजूला उभं राहून. बूमच्या जॅकची अशी तपासणी स्वतः करू नका, तिला आधार देणारं सामान असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

रॉडवर नख फिरवा

सील बदलण्याआधी रॉड पूर्ण बाहेर काढून, तो पुसून, नख आडवं फिरवा. नख कुठे अडकलं तर नवं सील टिकणार नाही. हार्ड क्रोमचा थर साधारण २० ते ५० मायक्रॉनचा असतो, केसाहूनही पातळ. दगडाचा ओरखडा त्याच्या खालपर्यंत जातो, पावसात तिथे गंज धरतो, गंजाची कड सील कापते. लहान ओरखड्याची उभी कड बारीक ऑइल स्टोननं घासून खाली आणता येते. त्यापुढे दोन पर्याय.

जुना रॉड घासून, पुन्हा हार्ड क्रोम करून, मापाला ग्राइंड केला तर ३,००० ते ८,००० रुपये. क्रोम नंतर ग्राइंड झालंय की नुसता चमकवलाय, हे मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी मोजून बघा. तीन ठिकाणी तीन मापं येत असतील तर परत द्या. दुसरा पर्याय नवा रॉड: इंडक्शन हार्डन करून क्रोम केलेली तयार बार मिळते, तिला आटे पाडून आणि जुना आय, म्हणजे टोकाची पिनेची कडी, वेल्ड करून रॉड तयार होतो. ७,००० ते १५,००० रुपये लागतात. ओरखडे खूप असतील किंवा रॉड वाकलेला असेल तर नवाच घ्या. वाकलेला रॉड प्रेसवर सरळ केला तर क्रोमला बारीक भेगा जातात आणि तो पुन्हा त्याच जागी वाकतो.

नळीच्या आतून उभे ओरखडे असतील तर होनिंग करावी लागते, ३,००० ते ६,००० रुपये. ओरखडे खोल असतील तर नवी नळी, आणि तेव्हा सगळा जॅक नवा घेणंच परवडतं का, हे विचारा. जॅक उघडल्यावर फाटलेल्या सीलचे तुकडे सगळे सापडले का, हेही बघा. हरवलेला तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकलेला असतो. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. फिल्टरसकट तेल बदलल्याशिवाय नवं सील घालण्यात अर्थ नाही.

होज पाइपचा भाग सोपा आहे. दोन जाळ्यांचा पाइप आणि चार जाळ्यांचा पाइप एकाच जाडीचे दिसतात. जुना ज्या प्रतीचा तोच घ्या. तालुक्याच्या दुकानात फिटिंगसह एक पाइप साधारण ६०० ते १,८०० रुपये. फुगलेला, तेलकट किंवा जाळी दिसणारा पाइप फुटायची वाट बघू नका.

उशिराचा हिशेब

एका मशीनचा हिशेब समोर मांडून बघू. बकेटच्या सांध्याचा सेट ८,०००, बसवणं ३,०००, बकेटच्या जॅकचं सील ३,०००, मजुरी २,५००. एकूण १६,५००. दोन दिवस मशीन उभं. डिझेल सोडून तासाला ५०० रुपये उरत असतील, तर आठ तासांचे ४,०००, दोन दिवसांचे ८,०००. सगळं मिळून २४,५०० रुपये.

तेच काम एक हंगाम पुढे ढकललं आणि बुश फिरला, रॉड खरवडला गेला: सेट ८,०००, बसवणं ३,०००, दोन बोअरचं भरणं-कापणं १४,०००, नवा रॉड ११,०००, सील आणि मजुरी ५,५००, ने-आण ६,०००. एकूण ४७,५००. सात दिवस मशीन उभं, त्याचे २८,०००. मिळून ७५,५०० रुपये, म्हणजे तिपटीहून थोडं जास्त. बुडणाऱ्या दिवसांचे पैसे कुणाच्या बिलात नसतात, म्हणून मालकाच्या हिशेबातून ते सुटतात.

पंप आणि स्ल्यू रिंग हे वेगळ्या आकड्यांचे विषय आहेत. लहान मशीनचा पंप उघडून भाग बदलण्यात ४०,००० रुपयांच्या खाली काम क्वचित होतं, आणि स्ल्यू रिंग लाखाच्या घरात जाते. मशीन सगळंच मंद झालं असेल तर पंपाकडे वळण्याआधी प्रेशर गेज लावून आकडा कागदावर घ्या. गेज न लावता पंप गेला असं सांगणाऱ्याला पंप उघडू देऊ नका.

बिल, हमी आणि तक्रार

कोटेशनमध्ये माल, मशीनिंग, बसवणं आणि ने-आण या चार ओळी वेगवेगळ्या मागा. ‘सगळं मिळून पन्नास हजार’ हे कोटेशन होत नाही. जुने भाग परत मागा, मापं लिहून घ्या, आणि किती महिन्यांची किंवा तासांची हमी आहे ते बिलावर लिहून घ्या. दुरुस्तीच्या कामावर आणि सुट्या भागांवर सहसा १८ टक्के जीएसटी लागतो. बिल न घेता तेवढे पैसे वाचतात, पण मग हमीचाही पुरावा उरत नाही. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि भाड्यावर कर भरत असाल, तर त्या रकमेचं क्रेडिट मिळतं, ते तुमच्या सीएला विचारा.

मशीन धंद्यासाठी आहे म्हणून आपण ग्राहक नाही, असं बऱ्याच मालकांना वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी कारणासाठी घेतलेल्या गोष्टी बाहेर ठेवतो हे खरं. पण स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी वापरलेल्या वस्तूचा त्यात अपवाद आहे. स्वतः मशीन चालवणाऱ्या एकट्या मालकाला तो अपवाद मांडता येतो. तक्रार जिल्हा आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. ५ लाखांपर्यंतच्या किमतीच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. लेखी बिल आणि मापांचा कागद जवळ असेल तरच बोलण्याला वजन येतं.

ग्रीस आणि पावसाळा

बकेटच्या पिनांना रोज, म्हणजे आठ-दहा तासांनी ग्रीस हवं. पाण्यात किंवा चिखलात काम असेल तर दुपारीही. लिथियम ईपी २ ग्रीस, ज्यात थोडं मोलिब्डेनम असेल ते चांगलं. जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येईपर्यंत गन मारायची. निपल बुजलं असेल तर ५० रुपयांचं निपल बदला. ग्रीस न गेलेली एक पिन सबंध सेट खराब करते.

जून ते सप्टेंबर मातीकाम थांबतं, टर्नर आणि बोअरिंगवाल्यांकडे ऑक्टोबरनंतर रांग लागते. मशीन पावसाळ्याच्या आधी मोजून घ्या आणि काम जुलैमध्ये द्या. उभ्या दिवसांचे पैसे तेव्हा जवळपास बुडत नाहीत, आणि घाई नसल्यानं दरही बोलता येतो.

हातात ५०,०००च असतील, तर माझा क्रम असा राहील: आधी आर्म आणि बूमच्या सांध्याचा बोअर, कारण तो गेला की पुढची सगळी मापं चुकतात. मग ओरखडे पडलेला बूमचा रॉड. मग बकेटची पिन-बुश. ब्लेडच्या पिना सगळ्यात शेवटी, त्या एक वर्ष थांबू शकतात.